ग्वांगझू २०१०: वीरधवलच्या ५० मीटर बटरफ्लायला आपण कमी लेखलं का?

पेठेतला

कोल्हापुरात खेळाचा विषय निघाला की आधी तालीम, मग फुटबॉल आणि अलीकडं नेमबाजी. खाशाबा जाधव गोळेश्वरचे, पण शिकले राजाराम कॉलेजात, म्हणून १९५२ चं हेलसिंकीचं ब्राँझ आपण हक्कानं आपल्याकडं ओढतो. तेजस्विनी, राही, आता कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ही नावं रिक्षावालासुद्धा सांगेल. आपला पोहणारा वीरधवल खाडे, त्याचं नाव काढलं की मात्र "तो ऑलिंपिकला गेलेला ना?" इथवरच गाडी येते. हो, गेलेला. २००८, बीजिंग, वय सोळा. पण माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी शर्यत ती नव्हेच.

मोठी शर्यत नोव्हेंबर २०१० ची. ग्वांगझूची आशियाई स्पर्धा, पुरुषांची ५० मीटर बटरफ्लाय (दोन्ही हात एकदम पाण्याबाहेरून पुढं टाकत पोहायचं). २४.३१ सेकंद आणि ब्राँझ. सोनं चीनच्या झोउ जियावेईला, तेही घरच्या प्रेक्षकांपुढं. आपला पोरगा तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याआधी आशियाई स्पर्धेत पोहण्यात भारताला पदक मिळालं होतं ते १९८६ ला सोलमध्ये, खजान सिंगचं २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य. मधे चोवीस वर्षं. बीजिंग, हिरोशिमा, बँकॉक, बुसान, दोहा, सगळीकडून आपले पोहणारे हात हलवत परत.

हा परिच्छेद वाचायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात ती शर्यत संपली. आणि तिची गोष्ट कोणी सांगत नाही. का, असं विचारलं तर जाणकार म्हणतात, ५० बटरफ्लाय ऑलिंपिकमध्ये नव्हती, म्हणून तिला वजन नाही. मला हे पटत नाही. ज्यांना पाण्यातलं कळतं त्यांनी लिहा. मी काठावरून बघणारा. रंकाळ्यात पवायला शिकलो, तेवढीच माझी पात्रता.

तिखट_कट

पहिला प्रतिसाद माझा. भावा, विषय काढलास ते लई बरं केलंस. ते पदक आलं तेव्हा मी कॉलेजात होतो. आमच्या मेसच्या मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "पाण्यातपण पदक मिळतं होय?" बाकी जलतरणातलं मला ओ की ठो कळत नाही. बसून वाचतोय.

साताऱ्याचा_शंकासुर

मी जाणकार नव्हे, पण म्हणणार तेच. ५० बटरफ्लाय म्हणजे एक सूर, थोडं पाण्याखालून, वीसेक हात आणि भिंत. खजान सिंगनं २०० मारलं. बटरफ्लायच्या शेवटच्या ५० मीटरला हात पाण्याबाहेर काढणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. दोघांना एका तागडीत घालू नका.

आणि जरा आकडे बघा. १९८६ नंतर आशियाई स्पर्धेत पोहण्यात भारताची पदकं दोन. एक हे, दुसरं २०१४ ला इंचॉनमध्ये संदीप सेजवालचं ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं ब्राँझ. दोन्ही ५० ची, दोन्ही ऑलिंपिकबाहेरच्या शर्यतींतली. २०१८ ला जकार्ता आणि २०२३ ला हांगझोउ, दोन्हीकडं शून्य. मोठे पैलवान ज्या गावच्या जत्रेला येत नाहीत तिथली कुस्ती मारल्यासारखं आहे हे. कडू आहे, पण आहे.

पेठेतला

शंकासुरराव, पैलवान आले नव्हते हे तुम्हाला कोणी सांगितलं? यजमान चीन, शेजारी जपान. आशियाई स्पर्धेत ही शर्यत २००६ च्या दोहापासून आहे आणि जागतिक स्पर्धेत २००१ पासून. पदकतक्त्यात सोनं ते सोनं, ५० चं आहे की २०० चं हे तक्ता विचारत नाही. चीन घरच्या तलावात सोनं सोडून देईल असं वाटतं तुम्हाला?

दुसरं म्हणजे पोहण्याचे सूट. २००८-०९ मध्ये पॉलियुरेथेनच्या अंगभर सुटांनी विक्रमांचा पार बाजार मांडला होता. १ जानेवारी २०१० पासून ते बंद झाले. पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत, तेही कापडाचंच. म्हणजे ग्वांगझूमध्ये जे काही निघालं ते अंगातलंच निघालं.

जलचर

राज्य पातळीपर्यंत पोहलोय, स्ट्रोक बटरफ्लायच. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे असं म्हणून सुटता आलं असतं, पण शंकासुर मुळातच दोन वेगळे खेळ एका नावाखाली मोजताहेत.

२०० मीटर बटरफ्लाय म्हणजे लय आणि सहनशक्ती. क्रिस्टोफ मिलाकचा १:५०.३४ चा विश्वविक्रम घ्या, बुडापेस्ट, २०२२. सरासरी वेग सेकंदाला १.८ मीटर. वीरधवलचे २४.३१ घ्या आणि ५० ला भागा. सेकंदाला २.०६ मीटर येतो. मिलाकशी तुलना करायची नाहीये, अंतर बदललं की अंगाकडून काय मागितलं जातं ते दिसावं म्हणून हा हिशेब.

आता ५० मध्ये काय काय असतं ते. सूर मारताना अंगाला जो वेग मिळतो तो पुढं परत कधीच मिळत नाही. पुढचं सगळं पोहणं म्हणजे तो वेग कमीत कमी घालवणं. सूर मारून पाण्यात गेल्यावर डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून शेपटीसारखे हलवणं. १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर आलंच पाहिजे असा नियम आहे. म्हणजे शर्यतीचा पाव-तिसरा हिस्सा काठावरच्या माणसाला दिसतच नाही. सगळे पूर्ण १५ मीटर वापरत नाहीत, वापरूही नयेत. किक मंदावायला लागली की त्याच क्षणी वर यायचं. अर्धा मीटर उशीर झाला तर वर येताना थांबल्यासारखं होतं आणि पहिला हात जड जातो. हे घड्याळ लावून शिकवता येत नाही. पाण्याचा दाब अंगावर कसा बदलतो त्यावरून कळतं.

मग श्वास. बटरफ्लायमध्ये तोंड वर काढलं की कमर खाली जाते, कमर गेली की पाय ओढले जातात. २०० वाला दर हाताला किंवा एकाआड एक हाताला श्वास घेतो, त्याला प्राणवायू लागतोच. ५० वाला एक-दोन श्वासांत भागवतो, काही जण एकही घेत नाहीत. शेवटच्या दहा मीटरला छाती फुटायला आलेली असते आणि तरी तोंड खालीच ठेवायचं.

आणि भिंत. फ्रीस्टाइलमध्ये भिंत एका हातानं गाठायची असते, माप अर्ध्या हातानं चुकलं तरी दुसरा हात येतोच आहे. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम लागले पाहिजेत. म्हणजे भिंत तुमच्या हाताच्या मापात यायला हवी. नाही आली तर एक तर हात ताणून घसरत जायचं, नाहीतर घाईघाईनं अर्धा हात मारून भिंत ठोकायची. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १०० बटरफ्लायला सर्बियाचा चाविच पुढं होता. तो घसरत आला, फेल्प्सनं अर्धा हात जास्त मारला. ५०.५८ आणि ५०.५९. सर्बियानं तक्रार केली, चित्रं तपासली गेली, निकाल तोच राहिला. चार वर्षांनी लंडनला २०० बटरफ्लायमध्ये फेल्प्स स्वतः घसरत आला आणि दक्षिण आफ्रिकेच्या चॅड ल क्लोनं त्याला ०.०५ सेकंदानं मागं टाकलं. जगातला सगळ्यात मोठा बटरफ्लायवाला एकदा भिंतीमुळं जिंकला आणि एकदा भिंतीमुळंच हरला.

शंकासुर म्हणतात वीसेक हात. बरोबर. त्यातला एक चुकला की संपलं. २०० मध्ये पहिल्या लॅपला काही बिघडलं तर निस्तरायला पुढं तीन लॅप असतात.

तिखट_कट

जलचर, दंडवत घ्या. आता परत ती शर्यत बघतो. आधी मला फक्त फेस दिसला होता.

घड्याळकाका

मी स्पर्धांना टाइमकीपर म्हणून उभा राहतो. जलचर यांच्या भिंतीला माझी पुरवणी.

तो ०.०१ चा फरक मोजतो कोण? पाण्यातला टचपॅड. तो नुसत्या स्पर्शानं नाही, दाबानं चालतो, कारण लाटाही भिंतीवर आपटत असतात. म्हणून बोटं टेकवून उपयोग नाही, ठोकावं लागतं. सेकंदाला दोन मीटर वेग धरला तर शंभरावा भाग म्हणजे दोन सेंटिमीटर. अंगठ्याच्या रुंदीएवढं. मग हजाराव्या भागापर्यंत का मोजत नाहीत असं पोरं विचारतात. १९७२ ला म्युनिकमध्ये मोजलं होतं, ४०० मीटर मेडलेमध्ये (चारही प्रकारांनी पोहायची शर्यत), आणि ०.००२ सेकंदानं सोनं-रौप्य ठरवलं. नंतर तो प्रकार बंद झाला, कारण हजारावा भाग म्हणजे दोन मिलिमीटर आणि तलावाची भिंत काही सगळ्या लेनला दोन मिलिमीटरपर्यंत सारखी बांधलेली नसते. आता बरोबरी झाली तर बरोबरीच. रिओला २०१६ मध्ये १०० बटरफ्लायचं रौप्य तिघांना दिलं: फेल्प्स, ल क्लो आणि हंगेरीचा चेह, तिघंही ५१.१४. सोनं सिंगापूरच्या स्कूलिंगला, ५०.३९. आशियाई माणूस, हे आपल्याकडं विसरतात.

आपल्या जिल्हा पातळीवर पॅड बहुतेक ठिकाणी नसतातच. एका लेनला तीन स्टॉपवॉच. दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली. हातानं घेतलेली वेळ पॅडपेक्षा साधारण पाव सेकंदानं कमी भरते, कारण आवाज ऐकून बटण दाबायला उशीर होतो आणि भिंतीशी मात्र डोळा आधीच तयार असतो. त्यामुळं पालकांनो, मुलाची गावातली स्टॉपवॉचची वेळ आणि राष्ट्रीय स्पर्धेतली पॅडची वेळ शेजारी ठेवून त्याला रागवू नका. तो हळू झालेला नसतो.

आणि ०.०१ चा चटका वीरधवललाही बसलाय. जकार्ता २०१८, ५० फ्रीस्टाइल. प्राथमिक फेरीत २२.४३, राष्ट्रीय विक्रम. अंतिम फेरीत २२.४७ आणि चौथा. तिसऱ्या जपानी पोराचे २२.४६. सकाळची वेळ संध्याकाळी निघाली असती तर दुसरं आशियाई ब्राँझ गळ्यात होतं.

पोहणाऱ्याची_आई

घड्याळकाका, तुम्ही आहात म्हणून विचारते. माझा मुलगा चौदा वर्षांखालच्या गटात १०० बटरफ्लाय पोहतो. गेल्या मोसमात विभागीय स्पर्धेत त्यानं सगळ्यांच्या आधी भिंत गाठली आणि त्याला बाद केलं. कारण काय, तर वळताना हात एकत्र लागले नाहीत. आमच्या व्हिडिओत तर दोन्ही हात भिंतीला दिसतात. त्याच्या लेनच्या टोकाशी पंच होते, पण त्यांनी हात वर केल्याचं आम्हाला कोणालाच दिसलं नाही, निकाल लागला तेव्हाच कळलं. सरांना विचारलं तर म्हणाले, जाऊ दे, पुढच्या वेळी. पोरगं कितीतरी दिवस तलावाकडं फिरकलं नाही. तो २५ मीटरच्या तलावात सराव करतो, म्हणजे १०० ला तीन वळणं. खरंच इतकं काटेकोर असतं का?

घड्याळकाका

ताई, असतं. दोन्ही हात एकाच वेळी आणि एकमेकांपासून वेगळे लागले पाहिजेत, एकावर एक ठेवलेले नकोत. पाण्याच्या वर, खाली किंवा पातळीवर, कुठंही चालतात आणि दोन्ही एकाच उंचीवर असण्याची गरज नाही. तुमचा व्हिडिओ गॅलरीतून घेतला असणार. तिथून दोन्ही हात भिंतीवर दिसतात, पण कुठला आधी आला ते कळत नाही. पंच बरोबर वरून बघतो. मुलं दमली की एक खांदा बुडतो आणि त्या बाजूचा हात पळभर मागून येतो. तिसऱ्या वळणाला हे फार होतं.

पण तुमचं दुसरं म्हणणंही लक्षात घेण्यासारखं आहे. चूक दिसली की पंचानं तिथंच हात वर करायचा असतो आणि चिठ्ठीवर कारण लिहायचं असतं: कुठलं वळण, काय झालं. शंका असेल तर फायदा पोहणाऱ्याला. शर्यत संपल्यापासून तीस मिनिटांत लेखी हरकत देता येते, ती संघाच्या व्यवस्थापकानं द्यायची, पालकांनी नाही. "जाऊ दे" म्हणण्याआधी सरांनी निदान ती चिठ्ठी बघायला मागायला हवी होती. हरकत घेतल्यानं पंच डूख धरतात ही आपल्याकडची समजूत आहे. मी तरी धरत नाही.

जलचर

ताई, त्याला एक सराव सांगा. पूर्ण लॅप न मारता भिंतीपासून आठ-दहा मीटरवरून सुरू करायचं आणि फक्त भिंत गाठायची. एकदा सातवरून, एकदा नऊवरून, दरवेळी अंतर बदलायचं. माप डोक्यात बसतं. दमलेला असताना, सरावाच्या शेवटी करायचं. ताज्या अंगानं सगळ्यांचेच हात एकत्र लागतात. आणि पायांकडंही बघा. दमल्यावर मुलांची किक ब्रेस्टस्ट्रोकसारखी फाकते, त्यावरही बाद होतात.

पंचगंगाकाठ

धागा छान चाललाय. मी वेगळं लिहितो. आमच्याकडं, करवीर तालुक्यातलं नदीकाठचं गाव, पोराच्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर वाळका भोपळा बांधून विहिरीत सोडायचे. मग मुटके, सूर, तळातून माती आणायच्या पैजा. शिवाजी पुलावरून पुरात उड्या मारणारे तर तुम्ही सगळ्यांनी बघितलेत (मारू नका, दरवर्षी कोणीतरी जातं). तर पाण्याची भीती आमच्यातल्या कोणालाच नव्हती. पण एवढ्या सगळ्या पाण्यातून स्पर्धेत पोहणारा मात्र आमच्या गावातून एकही निघाला नाही.

मला याचं कारण जलचर यांचा प्रतिसाद वाचताना कळलं. नदीत डोकं वर ठेवूनच पवायचं असतं. ओढ कुठली, ओंडका येतोय का, भोवरा कुठं फिरतोय, हे बघितलं नाही तर मेलाच. आणि तुम्ही म्हणता बटरफ्लायमध्ये डोकं वर आलं की कमर गेली. म्हणजे नदीनं आम्हाला जे शिकवलं तेच तलावात नडतं. नदीत बटरफ्लाय मारणारा माणूस मी जन्मात बघितला नाही.

साताऱ्याचा_शंकासुर

पंचगंगाकाठ, मस्त प्रतिसाद. आणि यातूनच माझा मुद्दा. "आपला वीरधवल" म्हणता, पण वेग कुठं आला? बंगळुरात, प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडं. कोल्हापूरनं त्याला पाणी दाखवलं, पोहणं तिकडचं. जल्लोष मात्र बिंदू चौकात.

पेठेतला

बिंदू चौकात जल्लोष झाला असता तर हा धागाच काढला नसता.

बंगळूरला गेला हे खरंच. पण तो गेला कशामुळं, ते बघा. अंबाई टँकवर उन्हाळ्यात पोरांची नुसती जत्रा असते, शिकणारे हजारो. त्यातली स्पर्धेपर्यंत किती टिकतात? दहावी आली की पोहणं बंद, हा आपल्या घराघरातला कायदा. जे उरतात त्यांना वर्षभर पाणी लागतं, आणि ते नुसतं असून भागत नाही, योग्य तापमानाचं लागतं.

जलचर

तापमानाचं बरोबर. स्पर्धेच्या नियमात पाणी २५ ते २८ अंश. उघड्या तलावात डिसेंबरात पहाटे उतरून बघा. पहिली वीस मिनिटं अंग गरम करण्यातच जातात आणि सर्वांत आधी खांदे आखडतात. बटरफ्लायला खांदाच नसेल तर राहिलं काय.

त्याहून मोठी अडचण लांबीची. २५ मीटरच्या तलावात ५० मारताना मधे वळण येतं. भिंतीला पाय लावून ढकललं की वेग परत मिळतो, पाण्याखालून फुकटचे काही मीटर मिळतात, खांद्यांना दोन सेकंद आराम. ५० मीटरच्या तलावात यातलं काही नाही. ३० मीटरच्या पुढं हात जड होतात तेव्हा काय करायचं, हे २५ मीटरच्या तलावात शिकताच येत नाही, कारण तिथं ते घडतच नाही. छोट्या तलावात राजा असलेली पोरं राज्य स्पर्धेत ३५ मीटरला उभी राहतात ती यामुळं. आई-बाप म्हणतात दडपण आलं. मी म्हणतो, त्यांनी शर्यतीचे शेवटचे पंधरा मीटर आयुष्यात पहिल्यांदा बघितले.

त्यामुळं वीरधवल बंगळूरला गेला यात मला कमीपणा वाटत नाही. तिथं रोजचं पाणी, रोजची तशीच पोरं शेजारच्या लेनमध्ये. पुढं सरकारी नोकरी लागली, तहसीलदार झाला, मधे काही वर्षं सराव तुटला आणि तरी २०१८ ला येऊन राष्ट्रीय विक्रम. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत तर तो आणि त्याची पत्नी ऋजुता, दोघांनीही ५० फ्रीस्टाइलचं सोनं घेतलं. घरात स्टॉपवॉच कोणाच्या हातात असेल देव जाणे.

लेन_आठ

उशिरा येतोय, पण एक गोष्ट अजून कोणीच लिहिली नाही. "ऑलिंपिकमध्ये नाही म्हणून वजन नाही" हा वाद २०२५ च्या एप्रिलमध्येच निकालात निघालाय. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर बटरफ्लाय आहे. बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोकचीही ५० आहे, पुरुष आणि महिला दोन्ही. म्हणजे शंकासुरांनी नाकारलेल्या दोन्ही शर्यती.

इतिहास बघितला तर हे होणारच होतं. बटरफ्लाय आधी ब्रेस्टस्ट्रोकमध्येच मोडायचा, पन्नाशीच्या दशकात वेगळा झाला. १९५६ च्या मेलबर्नला पुरुषांची पहिली स्वतंत्र शर्यत, २०० मीटर, अमेरिकेच्या यॉर्झिकनं जिंकली. पुरुषांची १०० मीटर आली १९६८ ला. आता ५०. २०० वाल्यांनी तेव्हा १०० ला "ही कसली बटरफ्लाय" म्हणून नाकं मुरडली असतील, माझी खात्री आहे.

पण पेठेतला, तुम्हीही हुरळू नका. आंद्री गोवोरोव्हचा विश्वविक्रम २२.२७ आहे, २०१८ चा. ग्वांगझूच्या वेळी विश्वविक्रम होता स्पेनच्या राफाएल मुन्योझचा, २२.४३, तोही २००९ चा, म्हणजे त्या सुटांच्या काळातला. वीरधवलचा जकार्तातला फ्रीस्टाइलचा विक्रमही २२.४३ च. आपला सगळ्यात वेगवान फ्रीस्टाइल आणि त्यांचा बटरफ्लाय एका वेळेत! अंतर किती आहे ते यावरून मोजा.

तिखट_कट

ही २२.४३ ची गंमत ऑफिसात सांगितली. कोणालाच कळली नाही. मला कळली याचाच आनंद.

साताऱ्याचा_शंकासुर

लेन आठ, ऑलिंपिकचा मुद्दा मान्य, तेवढी तलवार म्यान. खजान सिंगवरून मात्र हलणार नाही. आणि २०० ची परंपरा मेलेली नाही. केरळचा साजन प्रकाश. २०१८ ला जकार्तात २०० बटरफ्लायची अंतिम फेरी, १:५७.७५, पाचवा. २०२१ च्या जूनमध्ये रोमला १:५६.३८. टोकियो ऑलिंपिकची थेट पात्रता होती १:५६.४८. ती गाठणारा तो पहिला भारतीय. दोन मिनिटं खांदे जळत असताना ०.१० सेकंदानं दार उघडलं. धागा काढायचाच तर याच्यावर काढा.

पेठेतला

काढा की, तुम्हीच काढा, पहिला प्रतिसाद माझा. पण गंमत बघा, खजान सिंग, वीरधवल, साजन. भारताच्या पोहण्यात काही सांगण्यासारखं घडलं की बऱ्याचदा त्यात बटरफ्लाय असतो. याचं कारण कोणाला माहीत आहे का?

जलचर

एकच एक कारण नसावं. माझा आपला अंदाज: उंची. फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोकच्या फायनलला सहा-साडेसहा फुटी माणसं उभी असतात, हातांची लांबी तिथं थेट उपयोगी. बटरफ्लायमध्ये लय आणि किक यांनी उंचीची थोडी भरपाई होते. पण फेल्प्स सहा फूट चार इंच, त्यामुळं या सिद्धांतावर कोणी पैज लावू नये.

पंचगंगाकाठ

एक प्रश्न. माझं वय पन्नाशीपुढं. तलावावर मास्टर्सची, म्हणजे मोठ्या वयाच्यांची, बॅच आहे. बटरफ्लाय या वयात शिकता येईल का, की खांदा डॉक्टरांना दाखवायची वेळ येईल?

जलचर

शिका की. मास्टर्सच्या नियमात बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते, म्हणजे डॉल्फिन किकवाचून अडत नाही. पहिले काही आठवडे एका हाताचा बटरफ्लाय करा, दुसरा हात पुढं सरळ. २५ मीटरच्या पुढं ओढू नका. आणि डोकं खाली घाला, काका. तिथं ओंडके येत नाहीत.

पोहणाऱ्याची_आई

घड्याळकाका, जलचर, दोघांचेही आभार. भिंतीचा सराव सुरू केलाय, नववर चुकतो, सातवर जमतो. हरकतीचा तीस मिनिटांचा नियम छापून सरांच्या हातात दिला, ते हसले, पण घडी करून खिशात ठेवला. शेवटचा प्रश्न: बाकीची मुलं हजारो रुपयांचे रेसिंग सूट घालतात. आमच्यानं घेतला पाहिजे का?

जलचर

या वयात नको. वाढतं अंग आहे, एका मोसमात तोकडा होईल. त्या पैशांत त्याला जवळच्या शहरात ५० मीटरच्या तलावावर महिन्यातून एकदा घेऊन जा. फायदा सुटापेक्षा जास्त होईल.

घड्याळकाका

जलचरशी सहमत. फक्त गॉगल मात्र दोन न्या ताई. पट्टा तुटतो तो नेमका शर्यतीचं नाव पुकारल्यावरच.